नसांचे दुखणे आणि अफूची मर्यादा

माणदेशातील कोणत्याही चिकित्सालयात बाजाराच्या दिवशी तासभर बसावे. तळपायांची आग होते, रात्री पाय पांघरुणाबाहेर काढावे लागतात, असे सांगणारी साठीची बाई येते. कमरेतून निघालेली कळ घोट्यापर्यंत जाते म्हणून एका अंगाला झुकून चालणारा ऊसतोड कामगार येतो. नागीण वाळून चार महिने लोटले तरी बरगडीवर सदऱ्याचा स्पर्श सोसवत नाही, असे सांगणारे आजोबा येतात. तक्रारी निरनिराळ्या असतात. परंतु पिशवीतून बाहेर निघणारी गोळी पुष्कळदा एकच असते. अर्धवट फाडलेल्या पाकिटावर ट्रॅमाडॉल हे नाव असते, कधी एकटे, कधी पॅरासिटामॉलच्या जोडीने. ती कोणी दिली, कोणत्या निदानावर दिली, किती दिवस घ्यावयाची, या प्रश्नांना बहुधा उत्तर मिळत नाही. "ही घेतली की झोप लागते," एवढेच कळते.

या गोळीविषयी, तिच्या वर्गाविषयी आणि त्याच वर्गात मोडणाऱ्या आपल्या अहिफेनाविषयी आमचे मत वैद्यबंधुभगिनी व औषधविक्रेते यांच्यापुढे स्पष्टपणे मांडावे, असे आम्हांस वाटते. मत थोडक्यात असे आहे. नसांच्या दुखण्यात अफूच्या वर्गातील औषध हे काही दिवसांचा, शेवटच्या पायरीवरचा आधार होऊ शकते. ती चिकित्सा होऊ शकत नाही. निदानापूर्वी ते दिले गेले तर रुग्णाचा हात किंवा पाय कायमचा जाऊ शकतो. हा दोष केवळ आधुनिक वैद्यकाच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही, कारण त्यात आपलाही वाटा आहे.

वेदनेचे दोन प्रकार

काटा रुतला, हाड मोडले, गळू झाले, म्हणजे होणारी वेदना ही निरोगी नसेने दिलेली वर्दी असते. वर्दी देणारा शाबूत आहे, संकट दुसरीकडे आहे, अशी ती स्थिती. नसांच्या दुखण्यात वर्दी देणाराच बिघडलेला असतो. दुखावलेला तंतू कारण नसताना संदेश पाठवू लागतो. मज्जारज्जूतील पुढची केंद्रे अतिसंवेदनशील होतात. कापसाच्या स्पर्शाचीही वेदना होते. आग, सुया टोचणे, विजेसारखी चमक, मुंग्या आणि त्याच जागी बधिरपणा, ही लक्षणे एकत्र आढळली म्हणजे वैद्याने सावध व्हावे. ज्या ठिकाणी दुखते त्याच ठिकाणी जाणीव कमी झालेली असते, हा विरोधाभास या व्याधीची खूण आहे.

अफू आणि तिचे सगेसोयरे, म्हणजे मॉर्फीन, कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल इत्यादी, ज्या ग्राहींवर काम करतात त्यांची संख्या नस दुखावल्यावर काही ठिकाणी घटते, आणि त्यांच्या कार्याला विरोध करणाऱ्या यंत्रणा प्रबळ होतात. म्हणून जखमेच्या वेदनेत जी मात्रा पुरते ती येथे पुरत नाही. मात्रा वाढविली की गुण थोडा वाढतो आणि दोष पुष्कळ वाढतात.

गुण किती, आणि किती दिवस

या औषधांनी मुळीच बरे वाटत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे असत्य ठरेल. नसांच्या वेदनेवरील प्रयोगांचा जो मोठा आढावा आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१५ साली प्रसिद्ध केला, त्यात एका रुग्णाला निम्म्याने आराम पडावा म्हणून सरासरी किती रुग्णांना औषध द्यावे लागते याचे आकडे दिले आहेत. तीव्र अफूवर्गीय औषधांसाठी हा आकडा ४.३, ट्रॅमाडॉलसाठी ४.७, ॲमिट्रिप्टिलीनच्या वर्गासाठी ३.६, तर प्रीगॅबालीनसाठी ७.७ असा आला. केवळ आकडा पाहिला तर अफूचा वर्ग मागे नाही. तरीही त्याच आढाव्याने ट्रॅमाडॉलला दुसऱ्या आणि तीव्र औषधांना तिसऱ्या पायरीवर बसविले. असे का, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले कारण काळाचे. हे प्रयोग बहुतेक आठवड्यांत मोजावे इतकेच चालले. बारा आठवड्यांच्या पलीकडे त्यांचा पुरावा फारसा जात नाही. रुग्ण मात्र ही गोळी वर्षानुवर्षे घेतो. बारा आठवड्यांच्या पुराव्यावर बारा वर्षांची चिकित्सा उभारणे हा तर्कदोष आहे. दीर्घ मुदतीचा एक उत्तम प्रयोग २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात कंबरदुखी अथवा गुडघा व खुबा यांच्या संधिवाताने पीडित अशा २४० रुग्णांना वर्षभर अफूवर्गीय किंवा अन्य औषधे देण्यात आली. वर्षाअखेर अफूवर्गीय गटाची हालचाल अधिक सुधारली नव्हती. वेदना तर दुसऱ्याच गटात किंचित कमी होती. ही वेदना शुद्ध नसांची नव्हे, हे खरे. परंतु काळ वाढला की गुणाची काय गती होते, हे त्यावरून कळते.

दुसरे कारण हानीचे. मलावरोध, मळमळ, भोवळ, पेंग, मूत्राला अडथळा, पुरुषांत संप्रेरकांची घट, वृद्धांत पडणे, ही यादी सर्वांना ठाऊक आहे. शरीराला इतर दोषांची थोडी सवय होते, मलावरोधाची होत नाही. ट्रॅमाडॉलचे आणखी दोन विशेष आहेत. त्याच्या अतिमात्रेने झटके येऊ शकतात आणि काही रुग्णांत रक्तशर्करा एकाएकी उतरते. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाला तळपायाच्या आगीसाठी ट्रॅमाडॉल देताना ही दुसरी गोष्ट किती जणांच्या ध्यानात असते? शिवाय ट्रॅमाडॉलचे यकृतात रूपांतर झाल्यावरच त्याचा खरा वेदनाशामक अंश तयार होतो. हे रूपांतर ज्यांच्यात मंद असते त्यांना गुण येत नाही, आणि ज्यांच्यात अतिशीघ्र असते त्यांना नेहमीची मात्राही भारी पडते.

तिसरे कारण सर्वांत विचित्र. काही रुग्णांत हे औषध दीर्घकाळ दिल्याने वेदनेची संवेदना उलट वाढते. रुग्ण म्हणतो दुखणे वाढले, वैद्य म्हणतो मात्रा वाढवू, आणि दोघेही एका चक्रात अडकतात.

मधुमेहजन्य नसविकारापुरता तर आता प्रश्नच उरलेला नाही. अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने २०२२ साली, आणि त्यानंतर अमेरिकन मधुमेह संघटनेनेही, ट्रॅमाडॉल व टॅपेन्टाडॉल यांसह कोणतेही अफूवर्गीय औषध या विकारात वापरू नये, असा स्पष्ट सल्ला दिला आहे. चेहऱ्यातून विजेसारखी कळ जाणाऱ्या विकारात, ज्याचे साम्य आपण अनंतवाताशी पाहतो, कार्बामाझेपीनने जो गुण येतो तो अफूने येत नाही.

पाच वाक्यांचे पत्र

परदेशात हे प्रकरण इतके हाताबाहेर कसे गेले, याचा इतिहास आपल्या नियतकालिकाच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा. १९८० साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात पोर्टर आणि जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र छापले गेले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या आणि त्यांत व्यसन लागल्याची केवळ चार उदाहरणे आढळल्याचे कळविले. हे रुग्ण रुग्णालयात थोडे दिवस होते, औषध परिचारिकेच्या हातून मिळत होते, आणि घरी गेल्यावर त्यांचे काय झाले हे पाहिलेले नव्हते. तरीही पुढील काळात शेकडो लेखांनी हे पत्र दाखल्यादाखल वापरले, आणि त्यांपैकी पुष्कळांनी ते रुग्ण रुग्णालयातील होते ही गोष्ट सांगितलीच नाही. त्या विश्वासावर १९९० च्या दशकात दीर्घकालीन दुखण्यांसाठी या गोळ्यांचा पूर आला. २०२१ या एका वर्षात त्या देशात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने ८० हजारांहून अधिक माणसे मेली. या मृत्यूंत पुढे आलेल्या चोरट्या फेन्टॅनीलचा वाटा मोठा आहे, हे खरे. परंतु वाट पाडली ती चिठ्ठीवरच्या गोळीनेच.

हे उदाहरण आम्ही परक्यांची नाचक्की करण्यासाठी देत नाही. आपल्या नियतकालिकांतूनही 'आमच्या अनुभवात हे औषध निर्धोक आहे' अशी पाच वाक्यांची पत्रे छापून येतात, आणि ती पुढे ग्रंथवचनासारखी फिरतात. अनुभव कोणाचा, किती दिवसांचा, रुग्ण पुढे परत आला की नाही, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आपल्या घरातील अफू

आता आपल्या घराकडे वळू. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांत अफू नाही. ती मध्ययुगात आपल्या ग्रंथांत आली. शार्ङ्गधराने भांगेबरोबर अहिफेनाचा निर्देश व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून केला: आधी सर्व शरीर व्यापावयाचे आणि मग पचावयाचे, असा ज्याचा स्वभाव. रसग्रंथांनी तिला उपविषांत बसविले आणि आल्याच्या रसाच्या भावना देऊन तिचे शोधन सांगितले. कर्पूररस अतिसारासाठी, निद्रोदय झोपेसाठी, आणि अहिफेन, कुचला व मिरे यांचा समीरगजकेसरी गृध्रसी, अवबाहुक आदी वातव्याधींसाठी. म्हणजे नसांच्या दुखण्यावर अफू देण्याची कल्पना पाश्चात्त्यांनी आपणांस शिकविलेली नाही.

परंतु त्याच परंपरेने अफूविषयी जे सांगितले ते आपण पूर्ण वाचतो का? भावमिश्राने तिच्या गुणांत ग्राहित्व आणि कफघ्नत्व सांगून ती वात व पित्त वाढविणारी असल्याचे म्हटले आहे. वातव्याधीवर दिले जाणारे द्रव्य स्वतः वातकर! हे कोडे नाही. मादक आणि स्तंभक गुणाने वेदनेची जाणीव दबते, म्हणून तात्पुरता आराम पडतो. ग्राही गुणाने मल अडतो, अपानाची गती बिघडते, रूक्षता वाढते, आणि मूळ दोष आतल्या आत बळावतो. वाताच्या प्रकोपाची धातुक्षय आणि मार्गावरोध ही दोन कारणे चरकाने वातव्याधीच्या अध्यायात सांगितली. दीर्घकाळ अफू घेणाऱ्याचे शरीर पाहावे: कृशता आणि मलावरोध, दोन्ही तेथे एकत्र नांदताना दिसतात. एक रोग शमविताना दुसरा उत्पन्न करणारा प्रयोग शुद्ध नव्हे, हा वाग्भटाचा निकष लावला तर दीर्घकालीन अहिफेनप्रयोग त्यात उतरत नाही.

आम्ही हे पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. अनेक वर्षांपूर्वी गृध्रसीच्या एका रुग्णाला आम्ही समीरगजकेसरी दिला. आठ दिवसांत तो चालू लागला. आमची वाहवा झाली. तो पुन्हा आला, आम्ही पुन्हा दिला. पाचव्या महिन्यात त्याने कमरेविषयी बोलणेच सोडले होते. तो फक्त 'ती गोळी' मागत होता. बंद केल्यावर जुलाब, नाक गळणे, अंग मोडून येणे, अनिद्रा सुरू झाली. तेव्हा आमच्या लक्षात आले, की आयुर्वेदिक या विशेषणाने मॉर्फीनचा स्वभाव बदलत नाही. मात्रा हळूहळू उतरवीत त्याला सोडविण्यास दोन महिने लागले.

परदेशातील एक घटना येथे बोधप्रद आहे. आपल्या भैषज्यरत्नावलीतील अहिफेनयुक्त कामिनीविद्रावण रस 'कामिनी' या नावाने ऑस्ट्रेलियात चोरट्या मार्गाने विकला जाऊ लागला. वनस्पतीजन्य म्हणून निर्धोक, असे समजून घेणाऱ्या तरुणांत अफूचे पक्के अवलंबन आढळले, आणि तेथील औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. आपल्या शास्त्राचे नाव जगापुढे असे जावे, याची खंत आपणांस वाटली पाहिजे. महाराष्ट्राला तर ही गोष्ट नवी नाही. गिरणीत कामाला जाणाऱ्या माता तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवीत असत. मूल रडत नसे, म्हणून कोणाला वावगे वाटत नसे. रडणे थांबले याचा अर्थ भूक भागली असा नव्हे, हे त्या काळी कळले नाही. आज आपण प्रौढ रुग्णाच्या बाबतीत तीच चूक करीत आहोत.

गेलेला हात

या लेखाचे खरे निमित्त एक शेतमजूर आहे. वय चाळिशीचे, काम डाळिंबाच्या बागांतले. कोपरापासून करंगळीपर्यंत वीज खेळल्यासारखी कळ, रात्री अधिक. तीन ठिकाणी दाखवून झाले होते. एकाने मानेचे दुखणे म्हटले, दुसऱ्याने अतिश्रम, आणि ट्रॅमाडॉल सुरू झाले. त्या तीन ठिकाणांपैकी एक आमचे होते. आम्ही त्याला गुग्गुळाचा कल्प आणि तेल दिले, आणि दुखणे सोसत नसेल तर जवळची गोळी चालू ठेवावी, असे सांगितले. सदरा काढावयास सांगितले नाही. कोपर चाचपले नाही.

अडीच महिन्यांनी तो आला तेव्हा करंगळी व अनामिका आत वळल्या होत्या. कोपराच्या मागे नस दोरीसारखी जाड लागत होती. पाठीवर फिकट चट्टा होता. त्यावर कापूस फिरविलेला त्याला कळत नव्हता. हा कुष्ठरोगातील नसेचा दाह होता. शासकीय रुग्णालयात बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळाला, प्रेडनिसोलोनही सुरू झाले. वेदना गेली, चट्टा गेला. बोटे मात्र सरळ झाली नाहीत. नस दुखू लागल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत योग्य उपचार झाला तर शक्ती परत येण्याची पुष्कळ आशा असते. ते महिने या रुग्णाने गोळीच्या गुंगीत घालविले, आणि ती गुंगी चालू ठेवण्यास आमची संमती होती. गोळीने आराम पडत होता, म्हणूनच तो पुन्हा लवकर आला नाही. २००५ साली राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण घोषित झाल्यापासून आपल्या मनातूनच तो रोग हद्दपार झाला आहे. गावांतून झालेला नाही.

नसांच्या प्रत्येक दुखण्यामागे कारण असते आणि माणदेशात कारणांची वाण नाही. मधुमेह आता वाडीवस्तीवर पोहोचला आहे. हातापायांची सुप्तता आणि दाह ही प्रमेहाच्या पूर्वरूपांत चरकाने सांगितली आहेत, हे आपण तरी विसरता कामा नये. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि शाकाहाऱ्यांत बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव होते. क्षयाच्या औषधांतील आयसोनियाझिडने पाय जळतात आणि पायरिडॉक्सिनने ते टळते. मद्य आहेच. डाळिंबावर फवारणी करणाऱ्याला कीटकनाशकांविषयी विचारावे. सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पसरलेला आपल्या खानापूर-आटपाडीचा माणूस सुट्टीवर घरी येतो. त्याला आम्ल, धूर आणि शिसे यांविषयी विचारावे, आणि विशेषतः मनगट लुळे पडले असेल तर शिशाचा संशय धरावा. यांतील प्रत्येक कारणाला निराळा उपाय आहे. ट्रॅमाडॉल या सर्वांना एकच उत्तर देते, आणि ते उत्तर म्हणजे प्रश्न विचारू नका.

औषधविक्रेत्यांस विनंती

आमचे औषधविक्रेते बंधू म्हणतील, की चिठ्ठी आणली तर आम्ही काय करावे? कायदा त्यांच्या बाजूने आहे, तो त्यांनी वापरावा. ट्रॅमाडॉल अनुसूची एच-१ मध्ये आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची स्वतंत्र नोंदवही ठेवणे आणि ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल हे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेतही आले. म्हणजे जुन्या चिठ्ठीवर, ओळखीवर किंवा 'रिकामे पाकीट दाखविले' एवढ्यावर ते देणे हा केवळ हलगर्जीपणा राहिलेला नाही, तो गुन्ह्याच्या वाटेवर आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेन्टाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या जोडगोळीची निर्यात केंद्रीय औषध नियंत्रकांनी बंद केली. पश्चिम आफ्रिकेतील तरुणांच्या हाती ती गोळी नशेसाठी पडत होती आणि ती बनत होती आपल्याच राज्यात. तेव्हा हा प्रश्न दूरच्या देशांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही.

आयुर्वेदीय औषधांच्या बाबतीतही औषध नियमांची अनुसूची ई(१) अहिफेन, कुचला, बचनाग आदी विषद्रव्यांची यादी देते आणि अशा कल्पांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना आवश्यक ठरविते. ती सूचना केवळ वेष्टनावर राहू नये. आणि ज्या बिननावाच्या वातनाशक पुड्यांनी एका रात्रीत कंबर मोकळी होते, त्या दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा आधुनिक वेदनाशामके मिसळलेली आढळल्याची उदाहरणे वारंवार समोर आली आहेत.

कर्करोगाची वेदना वेगळी

एक गैरसमज होऊ नये. या लेखाचा आधार घेऊन कोणी कर्करोगाच्या रुग्णाचे मॉर्फीन बंद करू लागला तर आमचा हेतू उलटा होईल. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फीनची पायरी आखून दिली. १९८५ च्या कायद्याच्या धाकाने आपल्या देशात ते औषध दुर्मीळ झाले आणि असंख्य माणसे तळमळत गेली. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीनसह सहा औषधांना आवश्यक अमली औषधांचा दर्जा देऊन नियम सुलभ केले. आपले गलाई बांधव ज्या केरळात पेढ्या चालवितात, तेथे १९९३ साली कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमन व परिहारसेवेची संस्था उभारली आणि मॉर्फीन घरोघरी, काटेकोर नोंदीसह, पोहोचविता येते हे दाखवून दिले. मरणासन्न रुग्णाला अफू नाकारणे आणि नसांच्या दुखण्याला ती सरसकट वाटणे, या दोन्ही चुका एकाच अज्ञानातून होतात.

आता कर्तव्य काय

काही आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा, की आटपाडीहून सांगली-मिरजेला जाऊन तज्ज्ञाला दाखविणे मजुराला परवडत नाही. एक दिवसाचा रोज बुडतो, भाडे वेगळे. हे खरे आहे, आणि त्याला कळ सोसून कामावर जावेच लागते हेही खरे आहे. परंतु निदानाचा बराचसा भाग गावातच होतो. रक्तशर्करा मोजण्यास बोटावरचा एक थेंब पुरतो. कापूस, सुई, स्वरकाटा आणि दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू एवढ्या साधनांनी पायांची जाणीव तपासता येते. कोपर, घोटा आणि गुडघ्याची बाहेरची बाजू चाचपण्यास तर काहीच लागत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आपणांस आधुनिक औषधे लिहिण्याचा अधिकार आहे की नाही, हा वाद न्यायालयांपर्यंत गेला आहे. तो आम्ही येथे उकरीत नाही. ज्याला अधिकार आहे त्याने तो जबाबदारीने वापरावा. ज्याला नाही त्याने 'पहिली गोळी चालू ठेवा' असे म्हणून मागल्या दाराने वापरू नये.

तिसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा: अफू नको तर आयुर्वेदाकडे उत्तर आहे, ते का सांगत नाही? सांगतो, परंतु मापात सांगतो. गृध्रसीत बस्ती, सिरावेध आणि अग्निकर्म चरकाने सांगितले आहेत आणि त्यांचा गुण आपण पाहतो. परंतु त्यांवरील प्रयोग लहान आहेत, मुदत थोडी आहे, हे मान्य केले पाहिजे. आणि एक धोका मुद्दाम नोंदवितो. बधिर पायावर स्वेदन किंवा अग्निकर्म करू नये. मधुमेहाच्या रुग्णाला शेक जास्त झाल्याचे कळत नाही. फोड येतो, जखम होते, आणि पुढे पाय कापण्याची वेळ येते. ज्याची जाणीव गेली आहे त्याला आपल्या हाताची उष्णता आपणच मोजून द्यावी लागते.

प्रीगॅबालीन, गॅबापेन्टीन यांनाही निर्दोष समजू नये. अफूवर्गीय औषधांबरोबर दिल्यास त्यांनी श्वसन मंदावू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली दिला आहे. एका पाकिटाच्या जागी दुसरे पाकीट, हा या प्रश्नाचा निकाल नव्हे.

संघटनेच्या सभासदांपुढे आम्ही पाच गोष्टी ठेवितो. नसांच्या दुखण्याच्या प्रत्येक नव्या रुग्णाचे कपडे काढून त्वचा आणि नसा तपासाव्यात, शर्करा पाहावी, व्यवसाय व चालू औषधे विचारावीत, आणि हे सर्व लिहून ठेवावे. मूत्र अडले, मांड्यांच्या आतील भाग बधिर झाला, पाय लुळा पडू लागला किंवा बोट वळू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. नागीण उठल्यापासून तीन दिवसांच्या आतील रुग्णालाही विलंब न लावता विषाणुरोधक औषधासाठी पाठवावे. अहिफेनयुक्त कल्प द्यावयाचाच झाला तर मुदत आधी ठरवावी, ती रुग्णाला सांगावी आणि दिवस मोजून द्यावा. जो रुग्ण आधीच ट्रॅमाडॉलवर आहे त्याचे औषध एकाएकी तोडू नये. हळूहळू उतरवावे आणि गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाची मदत घ्यावी. आणि औषधविक्रेत्याने एच-१ ची नोंदवही तालुक्यातील वैद्यांच्या बैठकीत तिमाहीस एकदा, रुग्णांची नावे झाकून, चर्चेसाठी आणावी. कोणाच्या चिठ्ठ्या किती, हे आपले आपणांस कळले तर पुष्कळ काम आपोआप होईल.

यांतील एकाही गोष्टीला शासनाच्या परवानगीची किंवा अनुदानाची गरज नाही. लागतो तो दर रुग्णामागे दहा-पंधरा मिनिटांचा वेळ, आणि बाजाराच्या दिवशी तोच सर्वांत महाग असतो, हे आम्हांस मान्य आहे. तो शेतमजूर अजून बागेत कामाला जातो. छाटणीची कात्री तो आता डाव्या हाताने धरतो. आम्हांस भेटला की आदराने नमस्कार करतो, कारण त्याच्या लेखी आम्ही त्याचा रोग ओळखला. त्या नमस्काराला आम्ही पात्र नाही, आणि तशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.